कार्बोरेटरचा मॅनिफोल्ड १२ व्हॉल्वच्या हेडवर घरी बसवता येतो का? येतो, पण प्लेट टाकून नाही

तुमच्याकडे जुनी कार्बोरेटरची मारुती ८०० आहे, अल्टोचं १२ व्हॉल्वचं इंजिन हाताशी आलंय आणि ईसीयू (पेट्रोल सोडणारा कॉम्प्युटर) आणि त्याच्या वायरिंगच्या भानगडीत पडायचं नाहीये. जुनाच इनटेक मॅनिफोल्ड (कार्बोरेटरकडून इंजिनात हवा-पेट्रोल नेणारे पाइप) घरी फेरफार करून या हेडवर (इंजिनाच्या व्हॉल्व असलेल्या वरच्या भागावर) बसेल का आणि खर्च किती, असं तुम्ही विचारलंय.

बसतो. मी बसवलाय, आणि ती गाडी आज कोल्हापुरात रोज रस्त्यावर असते. पण "मॅनिफोल्ड आणि हेडच्या मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट टाका, अर्ध्या दिवसाचं काम" असं जो कोणी सांगेल, त्याला गाडीला हात लावू देऊ नका. त्यासाठीच एवढं लिहायला बसलोय.

दोन्ही इंजिनं ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बोअर ६८.५ आणि स्ट्रोक ७२. म्हणून लोकांना वाटतं की वरचं सामानही आपसांत बसेल. हेडच वेगळं आहे. जुन्यात सिलिंडरमागे इनटेकचा एक व्हॉल्व, यात दोन, त्यामुळे पोर्ट (हवा आत जायचं भोक) आडवा आणि रुंद, आणि माझ्या हेडवर तरी स्टडही (मॅनिफोल्ड आवळायचे खिळे) जुळले नाहीत. मग काही जण म्हणतात, नव्या इंजिनाचा एमपीएफआयचाच (इंजेक्टरने पेट्रोल सोडायच्या पद्धतीचा) मॅनिफोल्ड ठेवा आणि त्याच्या तोंडावर कार्बोरेटर बसवा. तेही नको. त्या मॅनिफोल्डमधून फक्त हवा जाते, पेट्रोल अगदी व्हॉल्वजवळ पडतं. कार्बोरेटरच्या मॅनिफोल्डमधून पेट्रोलही वाहत जातं. लांब, थंड पाइपातून ते नेलंत तर अर्धं भिंतीला चिकटतं आणि सकाळी गाडी सुरू करताना जीव जातो.

माझ्या वेळी प्लेटचा आग्रह दाजींचा होता. थोरल्या बहिणीचे यजमान, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या शिवाजी उद्यमनगरात हयात गेलेली, त्यामुळे घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी बोलत नाही. मी म्हणत होतो की जुन्या मॅनिफोल्डचा फ्लँज (हेडला टेकणारी सपाट पट्टी) कापू आणि नव्या हेडच्या मापाचा जोडू. दाजी म्हणाले, "अरं, कापाकापी कशाला करतोस? पंचवीसची प्लेट टाक न् मोकळा हो." गाडी वडिलांची, वडिलांनी दाजींचं ऐकलं, आणि गाडी दाजींच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गेली. तिथं २५ मिमीची लोखंडी प्लेट पडली. एका बाजूला जुन्या मापाची गोल भोकं, दुसऱ्या बाजूला नव्या मापाची रुंद, मध्ये सरळ पायरी. दोन्ही बाजूंना पॅकिंग आणि वर सिलिकॉन.

गाडी सुरू झाली, एवढंच त्या कामाबद्दल चांगलं सांगता येईल. काही आठवड्यांत स्लो (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वर-खाली व्हायला लागला. रेस दिली की आधी घुसमट, मग काळा धूर, मग झटका. रत्नागिरीहून येताना आंबा घाटात चढाला कार्बोरेटरमधून फटाके वाजायला लागले. वडील गाडीत होते, पाऊस होता, मागे ट्रकची रांग. परत आल्यावर मी कुणाला न विचारता सगळं उघडलं. तीन नंबरच्या पोर्टखाली पॅकिंग आत ओढलं गेलं होतं. सिलिकॉन पेट्रोलने फुगून शेवयांसारखं लोंबत होतं, त्यातला एक तुकडा पोर्टच्या तोंडाशी अडकलेला. प्लग काढले तर दोन नंबरचा तपकिरी आणि तीन नंबरचा खडूसारखा पांढरा, म्हणजे ते सिलिंडर बाहेरची हवा ओढून कोरडं चाललं होतं. असंच चालत राहिलं असतं तर व्हॉल्व जळाला असता.

कारण स्पष्ट आहे. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचा, आणि मध्ये लोखंड. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढतं. पाव मीटर लांबीवर ७० अंशांच्या फरकाला साधारण ०.२ मिमीची घासाघीस होते, रोज, प्रत्येक वेळी गरम-थंड होताना. त्यात एकाऐवजी दोन जोड. आणि ती पायरी म्हणजे पेट्रोल साचायचं डबकं. रेस दिली की ते एकदम आत जातं, काळा धूर तोच.

मग मी माझ्या पद्धतीने केलं. १२ व्हॉल्वच्या हेडचं नवं पॅकिंग आणलं आणि तेच साचा म्हणून वापरलं. १६ मिमीची अ‍ॅल्युमिनियम प्लेट घेतली. बारा मिमीची घेऊ नका, आतून गोलाचा हळूहळू आडवा आकार करायला जाडी लागते. भोकं ड्रिलने पाडून पोर्ट कानशीने आणि डाय ग्राइंडरने उघडले. जुना फ्लँज हॅक्सॉने कापला. ग्राइंडरने कापलंत तर चकती अ‍ॅल्युमिनियमने भरते. मॅनिफोल्ड आधी थिनरने धुवा, पूर्ण वाळल्यावर गरम करा आणि गार झाल्यावर पुन्हा धुवा, कारण जुन्या ओतकामात तेल मुरलेलं असतं आणि वेल्डिंगला ते बुडबुडे काढतं.

वेल्डिंग मात्र आर्गनचंच (आर्गन वायू सोडून करतात ते), आणि ते घरी नाही. चांगला आर्गनवाला शोधा, ४०४३ ची (अ‍ॅल्युमिनियम जोडायची) काडी वापरायला सांगा, आणि काम दीड-दोनशे अंशांपर्यंत तापवून घ्यायला सांगा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्लँज एखाद्या भंगारातल्या हेडवर घट्ट आवळून मगच वेल्डिंग करा आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नका. सुटा फ्लँज वेल्ड केला की तो केळ्यासारखा वाकतो.

तरी थोडा वाकतोच. ओट्याच्या ग्रॅनाइटचा एक उरलेला तुकडा घरी होता, त्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, फ्लँजवर मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि आठच्या आकारात घासत बसलो. रेघा पुसल्या तो उंचवटा, राहिल्या तो खड्डा. शेवटच्या रेघा दोन नंबरच्या पोर्टच्या वरच्या कडेला राहिल्या होत्या, त्या जायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सरळपट्टी लावून ०.०५ मिमीचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) कुठूनही आत जाता कामा नये. तोपर्यंत घासत राहा. असं झालं की साधं कोरडं पॅकिंग पुरतं. इनटेकला सिलिकॉन लावायचं नाही म्हणजे नाही.

बसवायच्या आधी पोर्ट रबर लावून बंद करा, सायकलच्या पंपाने हवा भरा आणि वेल्डवर साबणाचं पाणी फिरवा. जुन्या मॅनिफोल्डमधली कूलंटची वाट बंद करू नका. पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटरचा गळा गार पडतो, पावसाळ्यात घाटात तिथे बर्फ धरू शकतो, म्हणून ते गरम पाणी दिलेलं आहे.

आता पॉलिशबद्दल. मी जोडणी करत असताना दाजी पुन्हा आले आणि म्हणाले, आतून आरशासारखं कर, हवा सटकन जाईल. मी केलं नाही आणि तुम्हीही करू नका. कार्बोरेटरच्या गाडीत भिंतीवर पेट्रोलचा थर असतोच, आरसा करून तो जात नाही, आणि ओढीत फरक पडेल एवढी हवाही वाढत नाही. ८० नंबरच्या पेपरची खरखर ठेवा. लक्ष जोडावर द्या. मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या पोर्टपेक्षा किंचित लहान चालेल, मोठं असून हवेच्या वाटेत कड आली तर चालणार नाही. माझे तीनही प्लग आता एका रंगाचे येतात आणि स्लोवर व्हॅक्यूम गेजचा (मॅनिफोल्डमधली हवेची ओढ मोजणारा) काटा पाऱ्याच्या १८ इंचांवरून हलत नाही. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या कोल्हापुरात याहून जास्त अपेक्षा ठेवायची नसते. दाजींना तो काटा दाखवला. तरी ते म्हणतात, पॉलिश केलं असतं तर अजून ओढ आली असती. त्यांच्या मताला माझ्याकडे गेजशिवाय दुसरं उत्तर नाही आणि दुसरं लागतही नाही.

खर्च तुमच्या गावच्या आर्गनवाल्यावर ठरेल. प्लेट आणि पॅकिंग त्यामानाने किरकोळ, बाकी सगळी तुमची मेहनत. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) आधी जुनेच ठेवा, प्लगचा रंग बघून मग बदला. डिस्ट्रिब्यूटरचं (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचं) काय करायचं हा मोठा विषय आहे, तो वेगळा विचारा.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं. इंजिन बदलणं म्हणजे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू. आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नवा इंजिन नंबर, विमा कंपनीलाही कळवायचं. परवानगी मिळेल की नाही हे पहिलं विचारा, मगच हॅक्सॉ उचला. पेट्रोलची टाकी, कॅन किंवा नुकतंच धुतलेलं सामान जवळ असताना ग्राइंडर चालवू नका आणि डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय अ‍ॅल्युमिनियमला हात लावू नका. ब्रेक बूस्टर असेल तर त्याची व्हॅक्यूमची नळी नव्या मॅनिफोल्डवर पक्की बसलीय ना ते रस्त्यावर नेण्याआधी जागेवरच तपासा.

दोन्ही पॅकिंग एकमेकांवर ठेवून फोटो काढा आणि बाहेरच्या दोन स्टडमधलं अंतर व्हर्निअरने मोजून इथे लिहा. फ्लँज कुठे कापायचा ते मी सांगतो.