जाहीर झालेली किंमत आणि शोरूममधला कागद

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहतो. मी महापे एमआयडीसीत नोकरीला असून रोज जाऊन-येऊन साधारण ५० किलोमीटर स्कूटर चालवतो. मुलगी पाच वर्षांची झाली आहे आणि पावसाळ्यात तिघांनी स्कूटरवरून जाणे आता धोक्याचे वाटते. एका कंपनीने नव्या छोट्या पेट्रोल गाडीची घोषणा केली आहे. किंमत ‘चार लाखांपासून’ असेल आणि लिटरला २८ किलोमीटर ॲव्हरेज मिळेल, असे सांगितले जाते. गाडी यायला अजून वर्षभर आहे. माझे सासरे म्हणतात, “एक लाखाच्या गाडीचे काय झाले ते आठवा.” कंपनी हा शब्द पाळू शकेल का? आणि मी थांबावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या सासऱ्यांनी योग्य उदाहरण दिले आहे. मात्र त्या उदाहरणातून लोक जे शिकतात, ते मला पुरेसे वाटत नाही, म्हणून ते जरा नीट पाहू.

रतन टाटा यांनी १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये नॅनो सर्वांसमोर आणली, तेव्हा पोलादाचे भाव बरेच चढलेले होते. तरीही आधी बोललेला एक लाखाचा शब्द आपण पाळत आहोत, असे त्यांनी त्या व्यासपीठावरून सांगितले. तो एक लाख म्हणजे डीलरला गाडी ज्या भावाने पडणार तो भाव होता. त्यावरचा मूल्यवर्धित कर, वाहतूक, आरटीओचा कर आणि विमा ग्राहकानेच भरायचा होता. पुढे सिंगूरमधील जमिनीच्या आंदोलनामुळे ऑक्टोबर २००८ मध्ये प्रकल्प गुजरातेत साणंदला हलवावा लागला, तरी २३ मार्च २००९ रोजी मुंबईत गाडी विक्रीसाठी जाहीर झाली, दोन लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली आणि सोडतीत निवडलेल्या पहिल्या एक लाख ग्राहकांसाठी जाहीर किंमत कायम ठेवण्यात आली. म्हणजे शब्द दिला होता तेवढा पाळला गेला. फसगत झाली ती ‘एक लाखात गाडी दारात’ असे ज्यांनी मनात धरले होते त्यांची, आणि त्यांनी तसे धरावे यात नवल नव्हते, कारण सगळीकडे ‘लाखाची गाडी’ हेच दोन शब्द कानावर पडत होते.

ती किंमत आली कशी, हे त्या गाडीजवळ उभे राहिले की दिसत असे. चाकाला चारऐवजी तीन नट, समोरच्या काचेला एकच वायपर, सुरुवातीच्या साध्या प्रकारात डाव्या बाजूला आरसा नाही, डिकीला बाहेरून उघडणारे दार नाही, आणि मागे बसवलेले ६२४ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन. माझी बावीस वर्षे वागळे इस्टेटमध्ये गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात गेली असल्याने त्या तीन नटांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो होतो. आमच्याकडे सीटखालच्या एका ब्रॅकेटचा पत्रा दोन मिलिमीटरवरून १.६ मिलिमीटरवर आणायचे काम होते. पत्रा पातळ केला की वाकवलेल्या कडेला तडा जाई, म्हणून कडेला एक जादा घडी द्यावी लागली, त्या घडीसाठी डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलावी लागली, पुन्हा चाचण्या कराव्या लागल्या, आणि पाच महिन्यांच्या या खटाटोपानंतर नगामागे ऐंशी पैसे वाचले. स्वस्त गाडी ही अशी पैशापैशाने स्वस्त होत जाते, आणि ते काम करणाऱ्या माणसांविषयी मला आजही आदर आहे.

परंतु हे वाचलेले पैसे टिकतात ते गाड्या भरपूर खपल्या तरच. समजा, एका भागाच्या डायला ६० लाख रुपये लागले. त्या डायवर तीन लाख नग निघाले तर प्रत्येक नगावर २० रुपयांचा बोजा पडतो, आणि ७५ हजारच निघाले तर ८० रुपयांचा. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती, आणि नॅनोच्या सर्वांत चांगल्या वर्षातही, म्हणजे २०११-१२ मध्ये, खप ७५ हजारांच्या आसपासच राहिला. उत्पादनखर्च नेहमीच एक लाखाच्या वर होता, असे टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून हटवलेले सायरस मिस्त्री यांनी २०१६ मधील आपल्या पत्रात लिहिले होते. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला इथे दिसते. जाहीर किंमत ही कंपनीने स्वतःच्या खपाविषयी बांधलेला अंदाज असते. तो अंदाज चुकला की पहिल्या काही हजार ग्राहकांना गाडी त्या भावात मिळते आणि नंतरच्यांना वाढीव भाव मोजावा लागतो.

आणखी एक फरक ध्यानात घ्यावा लागेल. नॅनोच्या वेळी जे वगळून पैसे वाचवता आले, ते आज वगळता येत नाही. एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग, वेगमर्यादेची सूचना, मागचे पार्किंग सेन्सर हे सारे २०१९ ते २०२१ या काळात सक्तीचे झाले, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकांमुळे धूर शुद्ध करणारी महाग यंत्रणा प्रत्येक गाडीत आली. आपल्या मुलीचा विचार करता हे झाले ते चांगलेच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्याची किंमत लहान गाडीला अधिक जाणवते, कारण एअरबॅग चार लाखांच्या गाडीलाही लागते आणि चौदा लाखांच्याही. रेनॉची क्विड सप्टेंबर २०१५ मध्ये २ लाख ५७ हजारांपासून आली होती. त्या आकड्यात आज कोणतीही नवी मोटार मिळत नाही. उलट बाजूने, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला, त्यामुळे चार लाखांचा आकडा आज अशक्य कोटीतला राहिलेला नाही.

तेव्हा माझा अंदाज असा, की कंपनी चार लाखांत गाडी देईल. पण ती सर्वांत साध्या प्रकाराची, एक्स-शोरूम (म्हणजे आरटीओचा कर आणि विमा सोडून) आणि बहुधा ‘प्रारंभिक’ किंमत असेल. ‘पासून’ हा शब्द नीट वाचावा. बजाजची सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ ही मोटारसायकल जुलै २०२४ मध्ये पुण्यात ९५ हजारांपासून जाहीर झाली, तेव्हा तिच्या वरच्या प्रकाराची किंमत १ लाख १० हजार होती. (त्याच वर्षअखेर कंपनीने काही प्रकारांच्या किमती उतरवल्या, किंमत खालीही येते, हे नमूद करणे मला न्याय्य वाटते.) शिवाय महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के मोटार वाहन कर आहे, म्हणजे चार लाखांवर ४४ हजार. हजार सीसीपर्यंतच्या नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीयपक्ष विमा एकदमच घ्यावा लागतो. २०२२ च्या दरांनुसार तो ६,५२१ रुपये आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा त्याशिवाय. यात शोरूमचे मॅट आणि सीट कव्हर धरलेले नाहीत, तरी एमएच-०४ ची पाटी लागेपर्यंत आकडा साडेचार लाखांच्या बराच पुढे गेलेला असतो.

आता थांबावे का, याबद्दल. आपण गाडीने रोज महापेला जाणार असाल तर महिन्याला साधारण १,२५० किलोमीटर होतील. २८ चा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर ठरावीक चक्राने गाडी चालवून काढलेला असतो. घोडबंदर रोडवरच्या मेट्रोच्या खांबांमधून आणि ऐरोलीच्या पुलावरच्या रांगेतून तो मिळणार नाही. २० धरा. पेट्रोल १०४ रुपये धरले तर महिन्याला साडेसहा हजार होतात. स्कूटर ४५ चे ॲव्हरेज देत असेल तर तेवढ्याच अंतराला २,९०० रुपयांच्या आसपास लागतात. म्हणून बहुतेक लोक करतात तेच आपणही कराल असे मी धरतो, म्हणजे कामाला स्कूटर आणि कुटुंबासाठी गाडी. मग गाडी महिन्याला ३०० किलोमीटर चालेल, आणि २० ऐवजी खरोखरच २८ चे ॲव्हरेज मिळाले तरी फरक साडेचारशे रुपयांचा पडेल. महिन्याच्या साडेचारशे रुपयांसाठी आणि अजून न ठरलेल्या किमतीसाठी पाच वर्षांच्या मुलीला आणखी एक पावसाळा स्कूटरवर नेऊ नये. आज बाजारात असलेल्या लहान गाड्यांपैकी एखादी, किंवा नीट तपासून घेतलेली चार-पाच वर्षांची वापरलेली गाडी, मे महिन्याच्या आत घ्यावी असा माझा सल्ला आहे.

प्रश्न : विजेच्या लहान मोटारीची किंमत पेट्रोलच्या गाडीइतकी खाली आलेली दिसते, पण त्यात बॅटरी भाड्याने असते. ही खरी किंमत मानावी का? आम्ही घणसोलीत राहतो, माझे पती बेलापूरला नोकरीला आहेत. (एक वाचिका, नवी मुंबई)

उत्तर : मानू नये, पण हा पर्याय वाईट आहे असेही नाही. एमजीच्या कॉमेट या गाडीचे उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०२४ मध्ये ही गाडी बॅटरीसह ६ लाख ९९ हजारांपासून होती, आणि बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेत ४ लाख ९९ हजार अधिक किलोमीटरमागे अडीच रुपये. दोन लाखांचा फरक अडीच रुपयांनी भागला तर ८० हजार किलोमीटर येतात. घणसोली ते बेलापूर जाऊन-येऊन आणि सुटीच्या दिवशीचे फिरणे धरून आपण महिन्याला ८०० किलोमीटर चालवलेत, तर तिथे पोहोचायला आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. दोन लाखांवर कर्जाचे व्याज भरावे लागणार असेल तर भाड्याचा मार्ग आपल्यासाठी फायद्याचाही ठरू शकतो. मात्र महिन्याला किमान किती किलोमीटरचे भाडे आकारले जाते, आणि मुदतीत गाडी विकायची झाल्यास बॅटरीच्या कराराचे काय होते, या दोन गोष्टी करारात वाचल्याशिवाय सही करू नका.

विजेच्या वाहनांची जाहीर किंमत आणखी एका कारणाने हलते, ते म्हणजे अनुदान. जून २०२३ पासून केंद्राच्या फेम-२ योजनेत दुचाकीचे अनुदान बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॅट-तासाला १५ हजारांवरून १० हजारांवर आणि कमाल मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली गेली, आणि त्याच महिन्यात अनेक विजेच्या स्कूटर एकदम महाग झाल्या. त्यात कंपनीने शब्द मोडला असे म्हणता येणार नाही, पण ग्राहकाच्या खिशातून गेले ते गेलेच. आणि गाडी नोंदवण्याआधी सोसायटीकडून आपल्या पार्किंगच्या जागी चार्जर बसवण्याची लेखी परवानगी घ्या. रोज सार्वजनिक केंद्रावर चार्जिंग करावे लागले तर वरचा सगळा हिशेब बदलतो.

प्रश्न : शोरूमने २१ हजार रुपये भरून नोंदणी करायला सांगितले आहे. आज भरले तर आजची किंमत कायम राहील, असे तोंडी सांगतात, पण पावतीच्या मागे बारीक अक्षरांत ‘किमतीत बदल होऊ शकतो’ असे छापलेले आहे. (एक वाचक, कळवा)

उत्तर : पावतीवर छापलेले असते तेच सहसा लागू होते, आणि तिथे बहुतेक वेळा ‘गाडी ताब्यात देण्याच्या दिवशीची किंमत’ असे लिहिलेले असते. तोंडी आश्वासन देणारा विक्री प्रतिनिधी सहा महिन्यांनी त्या शोरूममध्ये असेलच असे नाही. म्हणून त्याला सांगावे, की गाडीचा नेमका प्रकार, रंग, एक्स-शोरूम किंमत, ती किती तारखेपर्यंत कायम राहील आणि नोंदणी रद्द केल्यास किती दिवसांत किती रक्कम परत मिळेल, एवढे शोरूमच्या कागदावर शिक्क्यासह द्या. द्यायला तयार नसतील तर २१ हजार आपल्याच बँकेत राहू द्यावेत. कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’ अशी ओळ असेल तर ती कशाची आहे हे विचारून काढून टाकायला सांगावे, आणि विमा शोरूममार्फतच घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही, हे लक्षात ठेवावे. बाहेरून दोन दर मागवून मग बोलणे करावे. पैसे अडकलेच असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि तिथे मार्ग निघाला नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्यासाठी मूळ पावती, कोटेशन आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश आजपासूनच एका फाइलमध्ये लावून ठेवा.