कानाच्या पडद्यामागचं पाणी आणि औषधांची घाई

अगं, लेकाच्या कानाचा रिपोर्ट वाचून घाबरू नकोस. पडद्यामागे पाणी आहे, पण ताप नाही, ठणका नाही, म्हणजे हा जंतुसंसर्गाचा कान नव्हे. बहुतेक मुलांचं हे पाणी ३ महिन्यांत आपोआप ओसरतं.

माझ्या लेकाला आम्ही सहा महिने सिरपं पाजली. सर्दीचं, ॲलर्जीचं, मग अँटिबायोटिकचे दोन कोर्स. पोट बिघडलं, अंगावर पुरळ आलं आणि टिम्पॅनोग्रामची (पडदा किती हलतो ते दाखवणाऱ्या तपासणीची) रेघ तशीच सपाट, म्हणजे पाणी होतं तसंच. नंतर कळलं, की २०१६च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत या पाण्यासाठी अँटिबायोटिक, अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड, नाक मोकळं करणारी औषधं, सगळ्यांनाच नकार आहे. ॲलर्जी खरंच असेल तर तिचं औषध जरूर द्यावं, पण नाकासाठी, कानातल्या पाण्यासाठी नाही. आणि आजी म्हणाली तरी कोमट तेल घालू नकोस, ते पडद्यापलीकडे पोचतच नाही.

पाणी असल्याचं कळलं ती तारीख लिहून ठेव. ३ महिन्यांनी पाणी असेलच तर ऐकण्याची तपासणी करून घे. बोलणं मागे असेल, तोंडातला टाळू दुभंगलेला असेल किंवा डाऊन सिंड्रोम असेल तर मात्र तेवढं थांबू नकोस, लगेच दाखव. ग्रोमेटचं (पडद्यात बसवायच्या बारीक नळीचं) नाव निघालं तर ऐकून घे, छोटी शस्त्रक्रिया असते.

तोवर बोलताना त्याच्यासमोर बस, टीव्ही बंद कर. माझा लेक पाठमोरा असला की हाकेला ओ द्यायचा नाही, मी हट्टी समजून रागवायचे. शाळेत बाईंना सांगून पहिल्या बाकावर बसव. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती आधी बंद करायला लाव.