वादन माझं, मग क्लेम दुसऱ्याचा कसा?

प्रश्न: मी पियानो शिकवते आणि धड्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकते. दोनशे वर्षांपूर्वीची एक रचना मी स्वतः वाजवली, तरी एका ध्वनिमुद्रण कंपनीचा क्लेम, म्हणजे 'हे संगीत आमचं' असा दावा, आला. दुसऱ्या एका धड्याच्या सुरुवातीला मी एका वादकाच्या मैफलीतला वीस सेकंदांचा तुकडा लावला होता, त्याचं नावही दिलं होतं. तो व्हिडिओ काढला गेला आणि स्ट्राइक मिळाला. दोन्ही डिलीट करून टाकू का?

उत्तर: नको. डिलीट केल्याने स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याबद्दलची चॅनेलवरची ताकीद, जात नाही, आणि पहिल्या प्रकरणात तर तुमची बाजू भक्कम आहे.

तो क्लेम बहुधा यूट्यूबच्या कंटेंट आयडीचा असावा. ही यंत्रणा सूर आपोआप जुळवून पाहते, पण ते कोणी वाजवलेत हे तिला दर वेळी कळतंच असं नाही. संगीतात हक्क दोन असतात, एक रचनेचा आणि दुसरा ध्वनिमुद्रणाचा. इतकी जुनी रचना आता कोणाच्याच मालकीची नाही. कंपनीचा हक्क तिने केलेल्या मुद्रणापुरता, आणि ते तुम्ही वापरलेलंच नाही. एक मात्र तपासा: नोटेशन कुठून घेतलंत? अलीकडे कोणी त्या रचनेची नवी मांडणी केली असेल, तर त्या मांडणीवर त्याचा हक्क असू शकतो.

तिथे अडचण नसेल तर डिस्प्यूट करा, म्हणजे यूट्यूबवरच क्लेमला हरकत घ्या. 'मूळ रचनेचा कॉपीराइट संपला आहे, वादन आणि मुद्रण माझं आहे' एवढं पुरे. रागाचा निबंध नको. उत्तराला कंपनीकडे 30 दिवस असतात, ते आलं नाही तर क्लेम उठतो. जाहिरातींचं उत्पन्न मिळत असेल तर पाच दिवसांच्या आत डिस्प्यूट करा, म्हणजे क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनचे पैसे राखून ठेवले जातात. डिस्प्यूट फेटाळला तर अपील आहे. डिस्प्यूटनंतर किंवा अपिलानंतर कंपनी मात्र व्हिडिओ काढण्याची रीतसर मागणी करू शकते आणि मग स्ट्राइक लागतो, म्हणून त्याआधी वादनाची मूळ फाइल हाताशी ठेवा.

दुसऱ्या प्रकरणात मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. नाव देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. 'इतके सेकंद चालतात' असा नियमही कुठे नाही. तो तुकडा मध्येच थांबवून तुम्ही बोटांची ठेवण समजावली असती, तर फेअर यूजचा, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याला चालणाऱ्या वापराचा, मुद्दा मी जोर लावून मांडला असता. इथे तो नुसता शोभेला आहे.

म्हणून काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे काढलेला व्हिडिओ परत लावण्याची कायदेशीर मागणी, पाठवू नका. अमेरिकेच्या 1998च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यातली ही तरतूद आहे. त्यात शपथेवर विधान करावं लागतं, तुमचं नाव-पत्ता तक्रारदाराकडे जातो आणि अमेरिकन न्यायालयाचा अधिकार मान्य करावा लागतो. चुकीने व्हिडिओ काढला गेलेल्यांसाठी ते हत्यार आहे. तुम्ही तक्रारदाराला सरळ लिहा: तुकडा वापरल्याबद्दल दिलगीर आहे, पुन्हा वापरणार नाही, तक्रार मागे घ्यावी. कित्येकदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं, तर यूट्यूबचा कॉपीराइटचा छोटा पाठ पूर्ण करा. 90 दिवसांनी स्ट्राइक संपतो. त्या मुदतीत तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकतो.

आणि हाच तुकडा तुमच्या बाकीच्या धड्यांच्या सुरुवातीलाही आहे का? असेल, तर तक्रारदाराला पत्र लिहिण्याआधी तिथून तो कापून टाका.