वाचकांचे प्रश्न : सिकोयाची आग आणि सागवनातला वणवा

प्रश्न : गेल्या वर्षी मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेले असताना सिकोया या महाकाय वृक्षांच्या प्राचीन अरण्यात एका वनस्पतिशास्त्रज्ञांबरोबर पायी फिरण्याचा योग आला. काळवंडलेली खोडे दाखवून ते म्हणाले की, आगीवाचून हे अरण्य टिकणारच नाही. यंदा मार्चमध्ये देवलापारच्या बाजूला वनमजूर भर उन्हात वणवा विझवताना दिसले. मग आपण विझवतो ते चुकते की काय?
– एक वाचिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्याला तिथे जे सांगितले गेले ते खरे आहे, आणि इथले वनमजूर करीत होते तेही योग्यच आहे. आग रानाला तारते की मारते, हे ती किती वर्षांच्या अंतराने येते आणि तिथल्या झाडांनी तिच्याशी कसे जुळवून घेतले आहे, यावर ठरते.

सिकोयाची साल ६० सेंटिमीटरपर्यंत जाड असू शकते, त्यामुळे जमिनीलगतची आग आतल्या जिवंत भागापर्यंत सहसा पोचत नाही. त्याची शंकूसारखी फळे वीस-वीस वर्षे मिटलेली राहतात. खालून आच लागली की ती वाळून उघडतात आणि बारीक बी नुकत्याच उघड्या पडलेल्या मातीवर, मोकळ्या उजेडात पडते. पाचोळ्याच्या जाड थरावर ते रुजत नाही. तिथल्या आगी विजेने लागत, शिवाय मूळ रहिवासीही जाणीवपूर्वक रान पेटवीत. पुढे सरकारने प्रत्येक आग विझवण्याचे धोरण धरले, तेव्हा नवी रोपे जवळपास दिसेनाशी झाली आणि खाली लाकूडफाटा साचत गेला. ही चूक उमगल्यावर तिथल्या राष्ट्रीय उद्यानात १९६८ पासून ठरवून, बेताने आगी लावल्या जाऊ लागल्या; पण साचलेले जळण मोठे होते. २०२० आणि २०२१ या दोनच वर्षांतील प्रचंड वणव्यांत जगातील मोठ्या सिकोयांपैकी सुमारे १३ ते १९ टक्के वृक्ष मेले, असा तिथल्या उद्यान खात्याचा अंदाज आहे.

आता आपल्याकडे या. नागपूरभोवतीचे रान शुष्क पानझडीचे आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, बिजा यांची पाने हिवाळ्याच्या अखेरीपासून गळू लागतात आणि होळीच्या सुमारास जमिनीवर पापडासारखा कुरकुरीत पाचोळा पसरलेला असतो. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानते. या दिवसांत लागणारी आग जवळपास नेहमीच माणसाच्या हातची असते : मोहफुले वेचण्यासाठी, कोवळ्या तेंदूपानांसाठी, गुरांच्या चाऱ्यासाठी लावलेली, किंवा नुसत्या फेकलेल्या विडीची. ती शेंड्यापर्यंत चढत नाही, गुडघाभर ज्वाळांनी पाचोळा खात पुढे सरकते. म्हातारे झाड त्यातून सहज वाचते. वाचत नाही ते वीतभर रोप, आणि पाचोळ्यातच अंडी घालणाऱ्या रातवा पक्ष्याची वीणही.

खरी गोम अशी आहे की आपल्याकडे ही आग त्याच त्याच जागी दरवर्षी किंवा वर्षाआड येते. बिजाचे किंवा ऐनाचे रोप एकदा जळले तरी मुळाशी ठोंब जिवंत राहतो आणि पावसाळ्यात पुन्हा कोंब काढतो. परंतु दर उन्हाळ्यात वरचा कोंब जळत राहिला, तर ते रोप दहा वर्षांचे झाले तरी गवताच्या उंचीचेच राहते. त्याला काही वर्षांची सलग उसंत मिळाली, तरच त्याचा शेंडा ज्वाळांच्या वर जातो. आपल्या रानाला हवी आहे ती ही उसंत, आणि म्हणून विझवणे योग्य.

ही समज नवी नाही. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, आणि त्याच दशकात पिअर्सन या वनाधिकाऱ्याने सातपुड्यातील बोरीच्या सागवनात वणवा रोखून दाखवला. जाळरेषा काढण्याची रीत आजही चालू आहे : हंगामापूर्वी ठरलेल्या पट्ट्यातील गवत-पाचोळा स्वतःच जाळून टाकायचा, म्हणजे पुढे येणाऱ्या आगीला खायला काही उरत नाही. आग विझवणारे खातेही बेताने आग वापरते, हे आपल्या कॅलिफोर्नियातील मार्गदर्शकांना आवडले असते.

प्रश्न : आमचा निसर्गमंडळाचा गट जाणकाराबरोबर अशीच अभ्यासफेरी काढणार आहे. रानात आगीच्या खुणा कशा ओळखाव्यात?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पर्यटकांना पायी फिरता येत नाही, बाहेरच्या वनक्षेत्रातही वनखात्याची परवानगी घेऊनच जावे. झाडांची तोंडओळख सेमिनरी हिल्सवर आधी करून घेतल्यास वेळ वाचेल.

रानात गेल्यावर प्रथम उतारावरचे एखादे जुने झाड निवडा आणि त्याच्या चढाकडील बाजूस बसा. घरंगळत आलेला पाचोळा त्याच बाजूला बुंध्याशी अडतो, त्यामुळे आगही तिथेच जास्त वेळ रेंगाळते. वर निमुळती होत गेलेली त्रिकोणी काळी पोकळी तिथे दिसेल, आणि तिच्या दोन्ही कडांवरून नवी साल ओठांसारखी आत वळत आलेली असेल. बोट फिरवून पाहा. ही कड जितकी जाड, तितकी जखम जुनी. मग ऐन शोधा. मगरीच्या पाठीसारखे चौकोन पडलेली त्याची साल जाड असते; तिचा वरचा थर काळा झालेला असला तरी झाड ठणठणीत असते. याउलट कुलूची साल कागदासारखी पातळ. ते झाड बहुधा पाचोळा न साचणाऱ्या खडकाळ उतारावर उभे असते, यातच त्याचे शहाणपण आहे. शेवटी जमिनीकडे पाहा. तेंदूचे धुमारे दाट माजलेले असतील आणि हाताच्या मनगटाएवढे एकही तरुण झाड दिसत नसेल, तर ती जागा वारंवार जळते असे समजावे. घाणेरीचे रान माजले असेल तर शंका आणखी बळावते.

फेरी शक्यतो डिसेंबर-जानेवारीत काढावी. मार्चमध्ये पळस फुललेला असतो हे खरे, पण तेव्हा कोरड्या पाचोळ्यातून वीस-पंचवीस माणसे नेणे मला तरी जबाबदारीचे वाटत नाही.

प्रश्न : मोहाखाली आग लावणाऱ्यांवर सरळ गुन्हे का दाखल करीत नाहीत?
– एक वाचक, रामटेक

उत्तर : कायदा आहेच, राखीव वनात आग लावणे १९२७ च्या वन अधिनियमाने गुन्हा ठरते. पण पहाटे गळालेली पिवळसर फुले पाचोळ्यात शोधणाऱ्या बाईची अडचण त्याने सुटत नाही. गावाजवळचे सर्वांत जुने मोह आज उभे आहेत ते गावकऱ्यांनी ते कधी तोडले नाहीत म्हणूनच, हेही विसरू नये. काही ठिकाणी आता झाडाखाली जाळी बांधतात. फुले पाचोळ्यात पडतच नाहीत, त्यामुळे तो जाळण्याचे कारण राहत नाही. आणि माती न लागलेली फुले वाळवायलाही सोपी जातात.