“मॅडम, या खोलीतलं मी अजून काय काय पुसू?”

लहान मूल जुलाब-उलट्यांनी ॲडमिट झालं की तिसऱ्या दिवसाच्या आसपास आईच्या तोंडून हा प्रश्न निघतोच. “या खोलीत व्हायरस सगळीकडे पसरला असेल ना? तो माझ्याबरोबर घरी आला तर?” वॉर्डातले बाकीचे लोक यावर “काही होत नाही, काळजी करू नका” म्हणतात आणि पुढे जातात. काळजी तिथल्या तिथेच राहते. पुढची हकीकत अशाच एका आईची आहे. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

मुलगा चौदा महिन्यांचा, रिपोर्ट रोटाव्हायरसचा, म्हणजे लहान मुलांना जुलाब-उलट्या करणाऱ्या विषाणूचा. खाजगी खोली. आम्हा समुपदेशकांकडे चिठ्ठी पाठवली ती सिस्टरने, कारण आईने दोन दिवसांपासून बाळाला अंगावर पाजणं बंद केलं होतं. खोलीत गेल्यावर आधी दिसले ते तिचे हात. बोटांच्या पेरांवर भेगा, मनगटापर्यंत लाल. लॉकरवर सॅनिटायझरच्या तीन बाटल्या आणि हायपोचं (सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचं) पाणी भरलेला एक स्प्रे. दर अर्ध्या तासाने ती खोली पुसत होती. खिडकीची कड, पडद्याचा दांडा, स्टुलावर चढून एसीची जाळीसुद्धा. घरी जावेचं दोन महिन्यांचं बाळ. “माझ्यामुळे त्याला काही झालं तर मी घरात कुठल्या तोंडाने राहू?”

तिची भीती निराधार नव्हती, आणि तसं तिला स्पष्ट सांगितलं. आजार ऐन भरात असताना बाळाच्या एक ग्रॅम शीमध्ये दहा हजार कोटींपर्यंत विषाणू असू शकतात आणि लागण व्हायला शंभरहून कमीही पुरतात. गुळगुळीत, कडक पृष्ठभागावर हा विषाणू कित्येक दिवस टिकतो. हे ऐकून ती घाबरेल असं वाटेल; उलट तिचे खांदे सैल झाले. तीन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला वेडी ठरवलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाला खरी माहिती आधी द्यावी आणि धीर नंतर, हा क्रम आम्ही सोडत नाही.

तिने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला: रुग्णाच्या खोलीतल्या हवेच्या झरोक्यावरही विषाणू सापडला. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. सिंगापूरमध्ये २०२०च्या सुरुवातीला कोविडच्या तीन रुग्णांच्या खोल्या तपासल्या होत्या. ज्या खोलीचे नमुने साफसफाईच्या आधी घेतले, तिथे १५ पैकी १३ जागा पॉझिटिव्ह आल्या. हवा बाहेर सोडणाऱ्या पंख्याची पातीही त्यात होती. उरलेल्या दोन खोल्यांचे नमुने रोजच्या साफसफाईनंतर घेतले, तिथे एकही जागा पॉझिटिव्ह नव्हती. व्हिडिओत हा दुसरा भाग नव्हता. शिवाय अशा तपासणीत विषाणूचं जनुकीय द्रव्य सापडतं. तो जिवंत आहे की मेलेला, हे त्यावरून कळत नाही. रोटाव्हायरस हा वेगळा, कोविडच्या विषाणूपेक्षा चिवट, हेही तिला सांगितलं. पण नीट साफ केलेल्या खोलीत फरक पडतो, एवढं तरी त्यातून तिला पटलं.

मग एका कागदाच्या पाठीवर खोलीचा नकाशा काढला. पेन तिच्या हातात दिलं आणि विचारलं, “बाळाची शी काढली, त्यानंतर हात धुईपर्यंत तुमचा हात कुठे कुठे लागतो?” तिने खुणा केल्या: कॉटचे कठडे, डायपरचं पाकीट, बाथरूमची कडी, नळ, दिव्याचं बटण. थोडं थांबून सलाईनचा स्टँड. पडद्याच्या दांड्यावर आणि एसीच्या जाळीवर एकही खूण पडली नाही. ती स्वतःच कागदाकडे बघत राहिली.

एक वस्तू मात्र तिच्या नकाशात आलीच नव्हती. डायपर बदलताना बाळ वळवळतं म्हणून ती मोबाईलवर गाणी लावून तो उशीपाशी ठेवायची. शी पुसताना स्क्रीन बंद पडली की त्याच हाताने परत चालू करायची. नंतर हात धुवायचे आणि धुतलेल्या हाताने तोच मोबाईल उचलायचा. अर्ध्या तासाच्या पुसण्यात खिडकी चार वेळा व्हायची, मोबाईल एकदाही नाही. दुसरी जागा हिरव्या काचेच्या बांगड्यांखालची. साबण तिथवर पोहोचतच नव्हता. मोबाईल पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत गेला, पिशवी रोज बदलायची ठरली. बांगड्या दवाखान्यात असेपर्यंत काढून ठेवल्या.

सॅनिटायझरबद्दल दोन शब्द सविस्तर, कारण इथे खूप गैरसमज आहे. अल्कोहोल रोटाव्हायरसवर बऱ्यापैकी चालतं, जुलाब-उलट्यांच्याच दुसऱ्या एका विषाणूवर, नोरोव्हायरसवर, मात्र कमी पडतं. आणि हाताला शी लागलेली असेल तर कुठल्याही विषाणूसाठी त्याचा भरवसा नाही. म्हणून जुलाबाच्या रुग्णाजवळ साबण आणि वाहतं पाणी, ४० ते ६० सेकंद. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं सुटतात, तिथे लक्ष द्यायचं आणि शेवटी स्वच्छ कापडाने टिपून हात कोरडे करायचे. हात धुवायचे डायपर काढल्यावर, बाळाला पाजण्या-भरवण्याआधी, स्वतः जेवण्याआधी आणि खोलीबाहेर पडताना. भेगाळलेल्या हातांची आग होते म्हणून माणूस घाईत धुतो. रात्री साधं खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलं की ते टळतं.

हायपोचा स्प्रे बंद केला. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही, वाफ बाळाच्या नाकात जाते. खोली पुसणं हे मावशींचं काम, सकाळी आणि संध्याकाळी. आईने फक्त मधे काही सांडलं-लागलं तर सांगायचं. घरासाठी मात्र प्रमाण लिहून दिलं: बाटलीवर ५ टक्के असेल तर २० मिली हायपो आणि ९८० मिली पाणी, म्हणजे ०.१ टक्के. शी किंवा उलटी सांडली तर ती आधी कागदाने उचलायची, जागा साबणाने धुवायची आणि मग १ टक्क्याचं पाणी (२०० मिली हायपो, ८०० मिली पाणी) दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. घाणीवर थेट ओतलेलं हायपो घाणीतच संपतं, आणि लगेच पुसून घेतलं तर काम करायला त्याला वेळच मिळत नाही. बहुतेक घरांत हेच चुकतं. द्रावण रोज ताजं, हातात मोजे, खिडकी उघडी. संडासच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. फिनाईलच्या वासाने खोली स्वच्छ वाटते, पण या विषाणूसाठी त्यावर विसंबू नये.

दूध बंद करण्यामागे तिचा विचार असा की कपड्यांतून, अंगावरून विषाणू बाळाच्या पोटात परत जाईल. त्यासाठी ती स्तनालाही सॅनिटायझर लावत होती. बाळ तोंड फिरवू लागलं आणि तिला वाटलं, दूधच नको झालंय. बाळाच्या पोटात तो विषाणू आधीच आहे. जुलाबात अंगावरचं दूध चालूच ठेवायचं असतं. ओआरएस आणि १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम झिंक त्याच्या जोडीला. हात साबणाने धुवा, छाती साध्या पाण्याने पुसा आणि पाजा. त्या दुपारी सिस्टर शेजारी बसली आणि बाळ प्यायलं. या सगळ्यात आमच्या लेखी हेच सर्वांत मोठं काम होतं, कारण बाळाचं पाणी कमी होण्याचा धोका एसीच्या जाळीपेक्षा कितीतरी मोठा.

पुसण्याची ओढ एका दिवसात जात नाही. तिला एकच प्रश्न दिला: “आत्ता इथे शी किंवा उलटी लागली आहे का?” हो असेल तर लगेच साफ करायचं. नसेल तर संध्याकाळच्या फेरीपर्यंत थांबायचं आणि घालमेल किती आहे ते दहापैकी आकड्यात लिहायचं. पहिल्या दिवशी नऊ लिहिलं, वीस मिनिटांनी सहा. न पुसताही आकडा उतरतो हे तिच्याच अक्षरात कागदावर आलं. घरी गेल्यावरही पंधरा दिवसांहून जास्त काळ तासन्‌तास धुणं-पुसणं चालू राहिलं, झोप-जेवण सुटलं, तर ते मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही दिला.

जावेच्या बाळाचं काय? या मुलाच्या शीतून विषाणू जुलाब सुरू झाल्यापासून दहा दिवस, कधी त्याहूनही जास्त दिवस बाहेर पडतो. म्हणून घरी डायपर बदलायची जागा एकच, स्वयंपाकघरापासून लांब. कपडे न झटकता वेगळे, गरम पाण्यात डिटर्जंट घालून धुवायचे आणि उन्हात वाळवायचे. तोपर्यंत तान्ह्याला घ्यायचं ते हात धुऊनच. चौकशी करताना कळलं की त्या बाळाची दीड महिन्याची लस गावी जाण्याच्या गडबडीत राहिली होती. रोटाव्हायरसची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांला सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. जावेने त्याच आठवड्यात पहिला डोस दिला.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी आईने स्वतःच डायपर उघडून दाखवलं. बाळाच्या कमरेचा काळा करदोडा डायपरच्या कडेखाली आठवडाभर भिजत होता. नकाशा काढताना तो आमच्याही लक्षात आला नव्हता. सासूबाईंना तो कापणं जड गेलं असतं, म्हणून तिने फोन करून आधी विचारलं. सकाळी सासूबाई नवा करदोडा घेऊन आल्या. जुना सिस्टरने कात्रीने कापला, तो डायपरबरोबर दवाखान्याच्या जंतुयुक्त कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेला, आणि नवा बांधण्याआधी सासूबाई कुणी न सांगता बेसिनपाशी हात धुवायला गेल्या.