ऑटम, दोन कुत्रे आणि म्युनिक: तुमच्या प्रश्नाला जरा लांबलेलं उत्तर

तुम्ही लिहिलंय की म्युनिकला नोकरी पक्की झालीय, जानेवारीत जॉइन व्हायचंय, मुलगा आठ वर्षांचा आहे, घरात दोन कुत्रे आहेत आणि त्यातली मोठी नऊ वर्षांची म्हणून तिला आईबाबांकडे ठेवायचं चाललंय. आणि शेवटच्या ओळीत सहज विचारलंय की फोटोत दिसतो तसा ऑटम खरंच असतो का, कॅमेरा आणावा का. काल रात्री दोनदा वाचलं आणि मग झोप लागेना, कारण 2014 साली मी नेमका इथेच उभा होतो. मुलगी सात वर्षांची, घरात दोन कुत्रे, त्यातली मोठी नऊ वर्षांची. व्हिसा, ब्लू कार्ड, टॅक्स, इन्शुरन्स हे काही लिहीत नाही, ते सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे.

ऑटमचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. हो, असतो. पण दोन-तीन आठवडेच. इथे लाल रंग कमी आणि पिवळा, तांबूस जास्त, कारण पानातलं हिरवं द्रव्य गारठ्यात मोडायला लागलं की आधीपासून आत असलेला पिवळा दिसायला लागतो, लाल मात्र झाडाला त्या दिवसांत नव्याने तयार करावा लागतो, त्याला दिवसा लख्ख ऊन आणि रात्री थंडी असं दोन्ही लागतं, आणि तसं करणारी झाडंच इथल्या जंगलात थोडी. बीच, बर्च, लिंडन सगळे पिवळ्याच्या घरातले. मला हे माहीत नव्हतं, पहिल्या वर्षी लाल मेपल शोधत मी बायको-पोरीला चार रविवार फिरवलं आणि समोरचा पिवळा बघितलाच नाही. तुम्ही असं करू नका. इसार नदीच्या काठाने चालत राहा, इंग्लिश गार्डन ह्या मोठ्या बागेच्या उत्तरेकडच्या भागात जा, तिथे गर्दी कमी असते आणि कुत्र्यांना पळायला मिळतं. एक दिवस काढून ग्रोसर आहोर्नबोडेनला जा, ते ऑस्ट्रियाच्या हद्दीत कारवेंडेलच्या डोंगरात आहे, एका दरीत दोन हजारांवर मेपल, तेही सोनेरी होणारे. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा साधा. पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड जवळ असू दे, परत येताना सीमेवर गाडी थांबवू शकतात.

कॅमेरा आणा. नवीन घेऊ नका, आहे तोच आणा आणि लेन्सवर लावायचा एक पोलरायझर फिल्टर घ्या, पाऊस पडून गेल्यावर ओल्या पानांवर जी पांढरी चकाकी येते ती त्याने जाते आणि खालचा रंग वर येतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचं रंग जुळवायचं सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, तो बिचारा पिवळ्याला चूक समजून निळसर करत बसतो, क्लाउडीवर टाका. उजेडाची इथे खरंच चैन आहे, ऑक्टोबर संपताना भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून 28 अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे दिवसभर सकाळसारखं तिरपं ऊन. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि एका रात्रीत संध्याकाळ पाचवर येते. ऑफिसमधून निघेपर्यंत काळोख. नोव्हेंबरात कधीकधी आठवडाभर ऊन दिसत नाही, नुसतं राखाडी. फोटोंमध्ये जे दिसतं ते त्या आधीच्या पंधरा दिवसांचं असतं, हे बाकी आईबाबांना फोटो पाठवताना माझ्याही लक्षात राहत नव्हतं.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी ध्यानात ठेवा, दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. इथे ज्याचा चेहरा त्याची परवानगी, 1907 पासूनचा कायदा आहे. मी मुलीच्या वर्गाच्या सहलीचे फोटो मोठ्या हौसेने सगळ्यांना पाठवले, तिच्या मैत्रिणी पानं उधळतायत, इतके सुंदर आले होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन. मला सगळे डिलीट करायला लागले आणि एका आईला जाऊन सॉरी म्हणायला लागलं. तिचं बरोबर होतं. पण तो दिवस आठवला की अजून अंगावर येतो.

आता कागद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, आणि आमचा घरमालक त्याच वेळी सुट्टीवर. अपॉइंटमेंट गेली. मग रेसिडन्स परमिटसाठी फोटो. 35 बाय 45 मिलिमीटर, चेहरा 32 ते 36 मिलिमीटरच्या मधे, बायकोचा फोटो मीच काढला, खिडकीच्या उजेडात, मापात कापला, आणि काउंटरवरच्या बाईंनी प्लास्टिकची पट्टी ठेवून सांगितलं की गालावर सावली आहे, चालणार नाही. पुन्हा सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत माझा सासरा आजारी पडला आणि बायकोला निघता आलं नाही, कारण हातात जो कागद होता त्यावर बाहेर गेली तर परत येता येईल की नाही हे कोणी खात्रीने सांगेना. सासरे बरे झाले. पण बायको त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या कॅमेऱ्यासमोर आली नाही. (आता तुम्हाला हा त्रास नाही, मे 2025 पासून रेसिडन्स परमिटला डिजिटल फोटोच लागतो, तो तिथेच किंवा मान्यता असलेल्या फोटोवाल्याकडे काढतात. भारतीय पासपोर्टच्या फोटोचं माप मात्र अर्ज करताना वेगळं तपासून घ्या.)

शाळेचं तुम्ही विचारलं नाहीये, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीत मुलांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास ह्या तीन विषयांची सरासरी काढतात, इथे 1 म्हणजे उत्तम, 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, 2.66 पर्यंत रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची शाळा. दहा वर्षांच्या पोराचं हे मे महिन्यात कागदावर येतं. आमच्या लेकीची सरासरी 2.66. गणितात 2, परिसर अभ्यासात 3, जर्मनमध्ये 3, आणि भाषा शिकून तिला तीन वर्षंसुद्धा झाली नव्हती. बाई म्हणाल्या, मुलीला वेळ द्या, रेआलशूले चांगली असते. आम्ही हो म्हणून आलो, आम्हाला काय माहीत. दोन वर्षांनी संध्याकाळी कुत्रा फिरवताना एक तुर्की आई भेटली, तिच्याकडून कळलं की ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हती, त्यांना जर्मन कच्चं असल्यामुळे मार्क कमी असतील तर 3.33 पर्यंतसुद्धा गिम्नाझिउमसाठी पात्र धरता येतं. नियमातच आहे. आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, ह्यातलं जास्त काय खुपतं ते मला अजून ठरवता येत नाही. तुमचा मुलगा तिसरीत येईल. पहिल्याच पालकभेटीत हा नियम तोंडावर विचारा आणि लिहून घ्या. लेकीचं म्हणाल तर ती दहावीनंतर पुढच्या शाळेत गेली, बारावी झाली, मजेत आहे, आणि मी हा विषय काढला की खोलीतून उठून जाते.

एकटेपणाचं म्हणाल तर असतो. कुत्रा असेल तर दिवसातून तीनदा बाहेर पडावंच लागतं आणि माणसं बोलतात. एवढंच.

आता कुत्रे.

आमची मोठी शाई, काळी कुळकुळीत, आणि लहान बंड्या, तपकिरी. युरोपात भारतातून कुत्रा आणायचा तर आधी कातडीखाली 15 आकडी ओळख क्रमांकाची मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढायचं, ते युरोपियन युनियनने मान्य केलेल्या लॅबला पाठवायचं, अँटिबॉडी 0.5 किंवा वर आल्या तर रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. लस चिपच्या आधी दिलेली असेल तर ती धरतच नाहीत. बंड्याचं सगळं क्रमाने आणि वेळेत झालं होतं. शाईला दरवर्षीप्रमाणे लस आधीच देऊन झाली होती आणि चिप नंतर बसवली, हे माझ्या लक्षात आलं ते रक्त काढायच्या दिवशी. सगळं पहिल्यापासून. म्हणजे आणखी चारेक महिने, आणि माझी जॉइनिंगची तारीख सहा आठवड्यांवर.

मी घरी सांगितलं की डॉक्टर म्हणाले ह्या वयात तिला विमान झेपणार नाही.

डॉक्टर असं म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, तब्येत उत्तम आहे, चार महिने थांबा आणि घेऊन जा. बायको थांबायला तयार झाली असती. मला एकट्याने जायचं नव्हतं. लेकीला अजून हे माहीत नाही, ती अकरा वर्षं विमानालाच दोष देतेय.

शाई 2016 च्या ऑक्टोबरमध्ये गेली. बाबांनी फोन केला तेव्हा आम्ही इसारच्या काठी होतो, बंड्या पानांच्या ढिगात लोळत होता आणि मी पोटावर झोपून त्याचा फोटो घेत होतो. त्या रात्री मी तिचे जुने फोटो काढले, आठ-नऊशे तरी असतील, आणि एकातही तिचे डोळे दिसत नाहीत. भर उन्हात, उभ्याने, वरून काढलेले, नुसता काळा डाग. काळ्या कुत्र्याचा फोटो कसा काढायचा ते मी इथे शिकलो, दुसऱ्यांच्या कुत्र्यांवर. ढगाळ दिवस घ्यायचा, जमिनीला टेकायचं, उघड्या आकाशाकडे त्याचं तोंड येईल असं बोलवायचं म्हणजे डोळ्यात उजेडाचा एक ठिपका येतो, आणि फोकस त्या ठिपक्यावर. नोव्हेंबरचा राखाडी उजेड, ज्याला सगळे नावं ठेवतात, तो ह्याला सगळ्यात चांगला. केसन् केस दिसतो. बंड्या आता तेरा वर्षांचा आहे, तोंड पांढरं झालंय, पायऱ्या चढताना थांबतो, त्याचे मी रोज काढतो.

म्हणून तुम्हाला सांगतो, जानेवारीत तुम्ही एकटे या. घर शोधताना कुत्र्यांचं आधीच सांगा, दोन म्हटल्यावर बरेच मालक नाही म्हणतील, लपवू नका. दोघांनाही आधी चिप, मग चिप आहे हे वाचून घेतल्यावरच लस, जुनी लस असली तरी नवीन, आणि दोन्हींच्या तारखा पुस्तकात नीट लिहून घ्या. कुत्रे जोडीदाराच्या नावावर करा, म्हणजे मागून आणताना मालक सोबत नाही म्हणून अडचण येणार नाही. चपट्या नाकाच्या जातीचे असतील तर एअरलाइनला आत्ताच विचारा, बऱ्याच घेत नाहीत. ह्या आठवड्यात सुरू केलंत तर मार्च-एप्रिलपर्यंत सगळे इथे असाल. तीन-चार महिने एकट्याने काढायला लागतील, ते जड जातील, मी तेवढेही काढले नाहीत म्हणून सांगतोय.

तुमची मोठी कुठल्या रंगाची आहे ते कळवा. काळी असेल तर ती येईल त्या आठवड्यात मला बोलवा, मी कॅमेरा घेऊन येतो.