पाखर: पाखराची, घोड्याची आणि एक्याण्णवाव्या स्तोत्राची

प्रश्न सांगलीहून आला आहे. विचारणाऱ्यांची आई मिरजेला दवाखान्यात होती आणि शेजारच्या खाटेवर एक ख्रिस्ती आजी. संध्याकाळी त्यांच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक यायचे, एक स्तोत्र वाचायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "प्रभू, तुझ्या या लेकरावर पाखर घाल." हे ऐकून आपल्या आईलाही बरं वाटायचं, असं ते लिहितात. पुढे त्यांच्या शंका: "पाखर म्हणजे पाखरूच का? आमचे काका म्हणतात, पाखर म्हणजे घोड्याचं चिलखत. मग आजींवर चिलखत घाल असं ते म्हणत होते का? त्या कुटुंबाला पत्र पाठवायचंय, त्यात 'देवाच्या कृपेची पखरण राहो' असं लिहिलं तर चालेल ना?"

काकांपासून सुरुवात करू, कारण काका चुकलेले नाहीत. लढाईत घोड्याच्या किंवा हत्तीच्या अंगावर लोखंडी पत्र्यांची, कड्यांची जी झूल घालत तिला पाखर म्हणत. संस्कृतात प्रक्षर, प्राकृतात पक्खर, मग पाखर. हिंदीतही हा शब्द याच अर्थाने आहे. घोडदळ गेलं, तशी ती पाखरही बोलण्यातून गेली. जुनं काही वाचलेल्या माणसालाच ती आठवते, म्हणजे काकांचं वाचन दांडगं दिसतंय.

पण पाळकांच्या तोंडची पाखर वेगळ्या घराण्यातली आहे. ती 'पक्ष'वरून आली. क्षचा ख होणं मराठीला नवं नाही. लक्षचं लाख झालं, तसं पक्षचं पाख. पितृपक्षाला खेड्यात अजून पितरपाख म्हणतात. पंख आणि पाखरू याच घरातले. आणि घरावरून आठवलं, छपराच्या उतरत्या बाजूलाही पाख किंवा पाखं म्हणतात. दोन बाजूंना उतार असलेलं घर दुपाखी, चारी बाजूंना असलेलं चौपाखी. जावळी-महाबळेश्वराकडे पावसासाठी खूप उतार दिलेली छपरं बघा, अर्धवट मिटलेले पंखच वाटतात. पाखर घालणे म्हणजे पंख पसरून खाली घेणे, झाकणे, आणि त्यावरून मायेनं सांभाळणे. तेव्हा पाखर आणि पाखरू एकाच कुळातले, पण अर्थ निराळे. पाखरू हा जीव. पाखर ही त्याची एक कृती, आणि त्या कृतीतून तयार होणारी जागा.

ती कृती बघायची असेल तर पिलं घेऊन फिरणाऱ्या कोंबडीसारखं दुसरं ठिकाण नाही. पिलं उकिरड्यावर इकडेतिकडे पांगलेली असतात. वर घार दिसली की कोंबडी एक वेगळाच, आखूड आवाज काढते. पिलं पळत येतात. ती बसत नाही, अर्धवट वाकते, अंगावरची पिसं फुलवते, दोन्ही पंख अंगापासून सुटे करून त्यांची टोकं मातीला टेकवते. दहा पिलं बघताबघता नाहीशी होतात. एखाद्याचं डोकं पंखातून बाहेर येतं, ती चोचीनं ते आत सारते. घार तिथंच वर घिरट्या घालत असते, तिला हुसकणं कोंबडीला जमणारं नसतं. झडप पडलीच तर आधी तिच्या पाठीवर पडणार. पाखर या शब्दाचा खरा जीव इथं आहे, असं मला वाटतं. ढाल हातात धरतात, छत्र दुसऱ्याच्या हातात असतं. पाखर स्वतःच्या अंगाची करावी लागते.

आता स्तोत्राकडे. पाळक वाचत होते ते बहुधा एक्याण्णवावं स्तोत्र. संकटात, आजारपणात, प्रवासाला निघताना मराठी ख्रिस्ती घरांत ते हमखास वाचलं जातं, पुष्कळांना पाठही असतं. मराठी पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, त्यातली चौथी ओवी अशी सुरू होते: "तो तुझ्यावर पाखर घालील, त्याच्या पंखांखाली तुला आश्रय मिळेल." पुढच्याच तुकड्यात पंख आल्यामुळे ही पाखर कुठली, याबद्दल वादच उरत नाही. गंमत अशी, की त्याच ओवीच्या शेवटी देवाच्या सत्याला ढाल म्हटलंय. म्हणजे काकांच्या घोड्यालाही त्या ओळीत उभं राहायला जागा आहे. कवीनं आधी पिसं दिली, मग लोखंड. हा क्रम मला फार आवडतो.

बायबलातल्या स्तोत्रसंहिता या पुस्तकात एकूण १५० स्तोत्रं आहेत आणि देवाच्या पंखांचा आसरा त्यांत पुन्हा पुन्हा येतो. १७, ३६, ५७ आणि ६३ या स्तोत्रांच्या मूळ हिब्रूत पंखांची सावली आहे, ६१मध्ये पंखांचा आडोसा आहे. यांतलं सत्तावन्नावं जरूर वाचा. दावीद शौल राजाच्या भीतीनं गुहेत लपला होता तेव्हाचं हे गीत, असं त्याच्या शिरोलेखात म्हटलंय. तो म्हणतो, ही अरिष्टं टळून जाईपर्यंत मी तुझ्या पंखांच्या सावलीत राहीन. 'टळून जाईपर्यंत' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. अरिष्ट आलंय, ते लगेच जाणार नाही, हे धरूनच मागणं केलंय. दवाखान्यात खाटेशी बसलेल्या माणसाला धीर येतो तो अशा वाक्यानं. 'काही होत नाही हो' म्हणणारे नातेवाईक दिवसभर येऊन जातातच.

एक्याण्णवाव्या स्तोत्रात बोलणारा दोनदा बदलतो, तेही बघण्यासारखं आहे. सुरुवातीला भक्त स्वतःविषयी बोलतो: परमेश्वर माझा आश्रय, माझा दुर्ग. मग कुणीतरी त्याच्याशी बोलायला लागतं: तो तुला पारध्याच्या पाशातून सोडवील, तुझ्यावर पाखर घालील, रात्रीच्या भयाला, दिवसा सुटणाऱ्या बाणाला, अंधारात फिरणाऱ्या मरीला तू भिणार नाहीस. शेवटच्या तीन ओव्यांत खुद्द देव बोलतो: तो मला हाक मारील, मी त्याला उत्तर देईन, संकटात मी त्याच्याजवळ असेन. मधला 'तू' मोकळा सोडलेला असल्यामुळे हे स्तोत्र खाटेवरच्या कुणालाही उद्देशून वाचता येतं, आणि शेजारच्या खाटेवर ऐकणाऱ्यालाही ते आपल्यालाच म्हटल्यासारखं वाटतं. तुमच्या आईला बरं वाटायचं ते त्यामुळेही असेल. स्तोत्रात 'घालील' आहे, म्हणजे दिलेला शब्द. पाळकांनी त्याचं 'घाल' केलं. दिलेल्या शब्दाची आठवण करून देत मागणं, हीच स्तोत्रांवरून प्रार्थना करायची जुनी रीत.

या स्तोत्राचा गैरवापरही शास्त्रातच नोंदवलेला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील असं लिहिलंय ना. तो वचन काढतो ते याच एक्याण्णवाव्या स्तोत्रातलं. येशू नकार देतो, देवाची परीक्षा पाहू नये म्हणतो. सत्तावन्नाव्यातली गुहा आणि हे शिखर शेजारी ठेवून वाचले की कळतं, पाखर मागणारा गुहेत आहे.

मूळ हिब्रू ओळीबद्दल थोडं, कारण इथं मराठीचं आणि तिचं छान जमलंय. तिथं दोन शब्द आहेत: एव्रा म्हणजे पंखाची पिसं आणि कानाफ म्हणजे पंख. झाकण्यासाठी जे क्रियापद आहे, त्याचाच नातलग म्हणजे सुक्का, फांद्या-पानांनी शाकारलेलं खोपटं. तिकडं झाकण्यातून खोपटं निघालं, आपल्याकडं पाखातून छप्पर. कानाफचा दुसरा अर्थ वस्त्राचा काठ. बायबलातल्या रूथच्या गोष्टीत दोन्ही अर्थ येतात. परक्या देशातून आलेल्या विधवा रूथला बवाज नावाचा शेतमालक म्हणतो, इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली तू आसऱ्याला आलीस. पुढच्या अध्यायात खळ्यावर, रात्रीच्या वेळी, रूथ त्याच बवाजला म्हणते, तुझ्या वस्त्राचा काठ माझ्यावर पसर. दोन्हीकडे कानाफच. देवाचे पंख म्हणालास ना, मग आता तूच पसर, असा हा रोकडा हिशेब आहे. मराठीत तिथं पदर आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे पदर दोन्ही बाजूंनी चालतो: मागणारी पदर पसरते आणि सांभाळणारी पदराखाली घेते.

तुम्ही आणखी एक ओळ जाता जाता लिहिली आहे, की आईनं मनातल्या मनात रामरक्षा म्हटली, ते आणि हे एकच का? मागणं एकच, रचना वेगळी. रामरक्षा ही कवचाच्या जातीची. "शिरो मे राघवः पातु" इथून सुरुवात करून डोकं, कपाळ, डोळे, कान असं एकेक अंग रामाच्या एकेका नावाच्या हवाली करत खाली यायचं. तिच्यात रामकवचाला वज्रपंजर म्हटलंय. वज्राचा पिंजरा: आत जीव सुरक्षित, बाहेरून कुणाचा हात पोचत नाही. म्हणजे काकांची पाखर शोधायची तर ती रामरक्षेच्या जवळ सापडेल, पाळकांची कोंबडीच्या जवळ. गुहा, दुर्ग, ढाल, पंख, पिंजरा: घाबरलेल्या माणसाला यांतलं जे जवळचं वाटेल ते तो धरतो, आणि त्यात कुणी कुणाला शिकवायला जाऊ नये.

ख्रिस्ती प्रार्थनेत इतका ठेठ शब्द कसा, याचं मात्र नवल नको. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचा दवाखाना काढला, त्याच्याही आधीपासून मराठी मंडळी मराठीतच प्रार्थना करत होती. साताऱ्याला १९१७ साली 'देवाचा दरबार' सुरू करणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. त्यांची भजनं आजही उपासनेत टाळांवर म्हटली जातात. अशा मंडळीच्या तोंडी 'पाखर घाल' येणार, नाहीतर काय येणार?

आता वापराचं. पाखर स्त्रीलिंगी: ती पाखर, मायेची पाखर, कृपेची पाखर. तिच्याबरोबरचं क्रियापद घालणे, धरणेही चालतं. सावली देतात, छत्र धरतात, पाखर घालतात. 'पाखर दिली' कानाला खटकतं. शब्दाला प्रत्यय लागला की पाखरेखाली. 'देवाच्या पाखराखाली' असं अधूनमधून छापलेलं दिसतं, ते पाखरूचं रूप. वाचणारा एका चिमणीखाली किती माणसं मावतील याचा विचार करत बसतो.

'छत्र' बरं वाटलं तरी पत्रात टाळा. ते शब्द म्हणून चांगलं आहे, पण वर्तमानपत्रातल्या निधनाच्या बातम्यांनी त्याला 'हरपले' कायमचं चिकटवून ठेवलंय. 'पंखाखाली घेणे' यालाही आपल्या साखर कारखान्यांच्या मुलखात राजकारणाचा वास लागला आहे. अमक्या साहेबांनी तमक्याला पंखाखाली घेतलं की पुढचं तिकीट कुणाचं हे कळतं. पाखर अजून तिथवर गेलेली नाही, हे तिचं नशीब.

'पांघरूण घालणे' तर मुळीच नको. क्रियापद तेच, झाकणंही तेच, पण मराठीत पांघरूण घालतात ते भानगडीवर. बत्तिसाव्या स्तोत्रात ज्याचं पाप झाकलं गेलंय तो माणूस धन्य म्हटलाय खरा, तिथं पांघरूण शोभेलही. आजारी आजींच्या घरी पाठवायच्या पत्रात ते गैरसमज करून देईल.

राहिली तुमची पखरण. दिसायला पाखरसारखी असली तरी तिचं काम उलटं. पखरण म्हणजे विखरून टाकणं, शिंपणं: फुलांची पखरण, चांदण्याची पखरण. अंगणात प्राजक्ताचा सडा पडतो ती पखरण. पाखर मात्र पांगलेल्यांना गोळा करते. 'कृपेची पखरण' व्याकरणात चुकीची नाही, वाढदिवसाच्या फलकावर शोभेल, पण आजारपणात माणसाला काहीतरी अंगावर शिंपडून हवं नसतं. शिवाय 'राहो' ऐवजी 'घालो' लिहा. 'राहो'मध्ये करणारा दिसत नाही, आणि त्या घरात रोज संध्याकाळी त्याचंच नाव घेतलं जात होतं.

तेव्हा पत्रात एवढंच लिहा: "प्रभू आजींवर आणि तुम्हा सर्वांवर पाखर घालो." खाली, त्यांना ओळखीचं वाटावं म्हणून, 'स्तोत्र ९१:४' असा आकडा टाका. आणि तुमच्या आईंची रामरक्षा चालू असेल तर तेही एका ओळीत कळवा, आजींना आवडेल.